आजीच्या पुतळीवरचा माणूस आणि व्हेनिसचा दोजेचा राजवाडा

निळी_कौलं
११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आमच्या घरी आजीची पुतळ्यांची माळ आहे. त्यातल्या दोन पुतळ्या बाकीच्यांपेक्षा पातळ आणि कडेनं झिजलेल्या आहेत. बाकीच्या नंतर सोनाराकडून घडवून घेतल्या, या दोन तेवढ्या खूप जुन्या. त्यांवर एक माणूस उभा आहे, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलाय आणि दोघांच्या मध्ये एक काठी आहे. आजी आम्हाला सांगायची, हा राम आणि हा मारुती. लहानपणी मारुतीची शेपटी मी कितीतरी वेळा शोधली असेल.

गेल्या मे महिन्यात व्हेनिसला गेलो. दोजेच्या राजवाड्यातून बाहेर पडताना सहज मागे वळून दरवाज्याकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिले. दारावर दगडात कोरलेला एक म्हातारा माणूस, अंगात जड झगा, डोक्याला शिंगासारखी टोकदार टोपी, गुडघे टेकलेले. समोर पंख असलेला सिंह. सिंह म्हणजे संत मार्क, या गावाचा राखणदार. गुडघे टेकलेला तो दोजे, म्हणजे इथला निवडून आलेला राज्यप्रमुख. माळेतल्या पुतळीवर हेच दोघं आहेत. तिथे सिंहाच्या जागी स्वतः संत मार्क उभा राहून दोजेच्या हाती निशाण देतोय. आपल्याला काठी वाटते तो निशाणाचा दांडा.

पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, दुकात. १२८४ साली ते पाडायला सुरुवात झाली आणि १७९७ पर्यंत पाडत राहिले. वजन साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ निखळ. पाचशे वर्षांत चित्र तेच राहिलं, फक्त दोजेचं नाव बदलत गेलं. मिरी, सुंठ, कापड, रत्नं यांच्या बदल्यात ही नाणी इजिप्त-अरबस्तानमार्गे आपल्या किनाऱ्याला येत. वरच्या माणसांच्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्यांना पुतळी म्हणू लागले आणि बायकांनी ती ओवून गळ्यात घातली. जिथे ती पाडली जायची ती टांकसाळ राजवाड्याच्या अगदी समोर आहे. तिचं नाव झेक्का. हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून गेलाय, आपण आजही बोलतो तोच.

तर राजवाड्याबद्दल लिहायचंय. थोडं लांबेल.

पहिल्यांदा पाहिला की इमारत उलटी बांधल्यासारखी वाटते. वाड्याची आपली सवय अशी की खाली भक्कम दगडी जोतं, वर हलकं लाकूडकाम. इथे खाली नुसते खांब आणि टोकदार कमानी, त्यावर आणखी नाजूक कमानींचा सज्जा, कमानींच्या डोक्यावर चार पाकळ्यांची गोल भोकं, आणि या सगळ्या जाळीवर एवढी मोठी सपाट भिंत. पण भिंत जड दिसत नाही, कारण पांढऱ्या इस्ट्रियन दगडात व्हेरोनाचा गुलाबी दगड शंकरपाळ्यांच्या नक्षीत बसवलाय. संध्याकाळी ऊन पाण्यावरून परतून भिंतीवर येतं तेव्हा ती कापडाची वाटते. तट नाही, खंदक नाही, बुरूज नाही. भोवतीची खाडी हाच या गावाचा तट. इटलीतल्या इतर गावांचे त्या काळातले वाडे गढीसारखे बंद असायचे, यांना तशी गरजच पडली नाही.

आज दिसतो त्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या पद्धतीच्या वाड्याचं काम १३४० च्या सुमाराला पाण्याकडच्या बाजूनं सुरू झालं. कारण साधं होतं, सभेला जागा पुरेना. व्हेनिसच्या महासभेत घराण्यांनुसार बसायचा हक्क असे. १२९७ मध्ये कोणाची घराणी आत आणि कोणाची बाहेर हे ठरवून दार बंद केलं, तरी आतल्यांचीच संख्या हजाराच्या वर गेली. मग ५३ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असं दालन बांधायला घेतलं, मध्ये एकही खांब नाही. १३४८ ची प्लेगची साथ आली, पैशाची चणचण झाली, काम रेंगाळलं. महासभा नव्या दालनात पहिल्यांदा बसली ती १४१९ मध्ये.

बाहेरच्या चौकाकडची बाजू तेव्हाही जुनीच होती. ती पाडून नवी बांधा असं जो सुचवेल त्याला हजार दुकातांचा दंड, असा ठराव होता म्हणतात, इतका खर्चाचा धसका. कथा अशी की दोजे तोमाझो मोचेनिगो एक दिवस हजार दुकात घेऊनच सभेत आला, दंड आधी भरला आणि मग प्रस्ताव मांडला. काम त्याच्या मृत्यूनंतर, १४२४ मध्ये, फ्रान्चेस्को फोस्कारी दोजे असताना सुरू झालं. दारावर गुडघे टेकून बसलाय तो हाच फोस्कारी. ते दार, पोर्ता देल्ला कार्ता, १४३८ ते १४४२ मध्ये बोन बापलेकांनी घडवलं.

आणि या फोस्कारीचं काय झालं? ३४ वर्षं गादीवर राहिला, मुलाला हद्दपार होताना पाहिलं, तो मुलगा परमुलखात वारला, आणि १४५७ मध्ये दहांच्या मंडळानं, म्हणजे राज्याच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या समितीनं, म्हाताऱ्याला राजीनामा द्यायला लावला. काही दिवसांत तोही गेला.

मला या राजवाड्यात सगळ्यात जास्त हेच जाणवलं. नाव दोजेचा राजवाडा, पण हे घर त्याचं नाहीच. निवडून आला की त्यानं आपलं सामान आणून ठरलेल्या काही खोल्यांत राहायचं, मेला की घरच्यांनी ते उचलून न्यायचं. परदेशाहून आलेलं पत्र सल्लागारांशिवाय एकट्यानं उघडायचं नाही. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. परक्या वकिलाला एकट्यानं भेटायचं नाही. गादीवर बसताना ही सगळी बंधनं शपथेत वाचावी लागत, आणि दर नव्या दोजेच्या वेळी एखादं कलम वाढलेलं असे. १६ व्या शतकापासून तर मेलेल्या दोजेच्या कारभाराची चौकशी करायला तीन माणसं नेमत. चूक सापडली तर दंड वारसांनी भरायचा.

राज्यासमोर एक माणूस मोठा होऊ नये, ही या गावाची मूळ भीती. राजवाड्याच्या खोल्या त्या भीतीच्या क्रमानं लावल्यात असं मला आत हिंडताना वाटत राहिलं. एका खोलीतून दुसरीत जाताना प्रत्येक वेळी आधीच्या मंडळावर नजर ठेवणारं दुसरं मंडळ भेटतं.

महासभेच्या दालनात छताखाली दोजेंच्या तसबिरींची रांग आहे, पहिल्या ७६ जणांची. त्यात एका चौकटीत चेहराच नाही, काळा पडदा रंगवलाय आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की ही जागा मारिन फालिएरची, गुन्ह्यांसाठी शिरच्छेद झालेल्याची. त्यानं १३५५ मध्ये सरदार घराण्यांना मारून स्वतः सत्ता घ्यायचा कट केला होता. पकडला गेला आणि एप्रिलमध्ये याच राजवाड्याच्या जिन्यावर त्याचं डोकं उडवलं. पुसून टाकता आलं असतं. त्यांनी जागा ठेवली आणि चेहरा काढून घेतला. माझी मान दुखेपर्यंत मी त्या काळ्या चौकटीकडे पाहत होते.

बाकीचं तुम्ही विचाराल तसं लिहीन. कोणी जाऊन आलं असेल तर भर घाला.


वाटसरू_सातारा
११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

काय सुंदर लिहिलंय! आमच्याकडेही आईची पुतळीमाळ आहे, पण सगळ्या नव्या घडणीच्या, लक्ष्मीच्या ठशाच्या. पुतळी परदेशातलं नाणं होतं हे आज कळलं. पेशवाईतल्या हिशेबांत होन, मोहरांबरोबर पुतळ्यांचे आकडे येतात ते वाचलं होतं, मला तो दागिना वाटायचा.

एक प्रश्न. दोजे निवडून येत असे म्हणता, तर निवडायचं कोण आणि कसं? मतदान होतं का?


जुना_नकाशा
११ नोव्हेंबर, रात्री ११:०२

याचं उत्तर मी देतो, कारण माझा हा फार आवडता विषय आहे.

१२६८ पासून पद्धत अशी. महासभेतून चिठ्ठ्या टाकून ३० जण काढायचे. त्यांतून पुन्हा चिठ्ठ्यांनी ९. हे ९ जण मतानं ४० निवडणार. ४० मधून चिठ्ठ्यांनी १२. ते १२ निवडणार २५. त्यातून चिठ्ठ्यांनी ९. ते निवडणार ४५. त्यातून चिठ्ठ्यांनी ११. हे ११ जण शेवटचे ४१ निवडणार, आणि ते ४१ दोजे निवडणार, किमान २५ मतं पडली पाहिजेत.

एकदा चिठ्ठी, एकदा मत, असं आलटून पालटून. चिठ्ठीमुळे कोणाला आधी पैसे चारावेत ते कळत नाही, आणि मतामुळे नुसत्या नशिबावर अयोग्य माणूस पुढे जात नाही. पाचशेहून जास्त वर्षं ही पद्धत चालली.

चिठ्ठी म्हणजे खरं तर गोळ्या होत्या. बाल्लोत्ता म्हणजे छोटी गोळी, इंग्रजीतला बॅलट त्यावरूनच आला. गोळ्या काढायला लहान मुलगा लागे. एक सभासद बाहेर जाई आणि रस्त्यात जो पहिला आठ-दहा वर्षांचा मुलगा भेटेल त्याला हाताला धरून आत आणी. त्या पोराचं आयुष्य त्या दिवशी बदलून जात असणार.


निळी_कौलं
१२ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

जुना_नकाशा, किती नीट सांगितलंत. मला आकडे पाठ होत नव्हते.


चुनखडी
१२ नोव्हेंबर, दुपारी १:१०

मी बांधकाम क्षेत्रात आहे, म्हणून त्या मोठ्या दालनाविषयी लिहिते. २५ मीटर रुंदी खांबाशिवाय, तीही लाकडात आणि खाली खाजणाच्या चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर. दालनाचं सोनेरी छत दिसतं ते भार घेत नाही, ते वरच्या लाकडी कैच्यांना टांगलेलं आहे. वर पोटमाळ्यावर जाऊन त्या कैच्या बघता येतात. त्यासाठी ‘गुप्त मार्ग’ नावाची वेगळी फेरी घ्यावी लागते, वाटाड्याबरोबर, आधी नाव नोंदवून. मला खालच्या चित्रांपेक्षा तो पोटमाळा जास्त आवडला.

आणि हे सगळं दुसऱ्यांदा बांधलेलं आहे. १४८३ मध्ये मागच्या कालव्याकडची बाजू जळाली, तिकडे मग प्रबोधनकाळाच्या पद्धतीनं बांधकाम झालं. आतल्या अंगणातला मोठा जिना तेव्हाचाच. १५७४ मध्ये पुन्हा आग, आणि १५७७ मध्ये तर महासभेचं दालनच गेलं. बेल्लिनी, कार्पाच्चो, तिशियन यांची भिंतभर चित्रं त्या एका दिवसात राख झाली. सगळं पाडून नव्या पद्धतीनं बांधायचं की होतं तसं दुरुस्त करायचं यावर जाणत्यांची मतं मागवली, पाल्लादिओसारख्या स्थपतीलाही विचारलं. शेवटी जुन्या भिंती सावरून गॉथिक रूप तसंच ठेवायचं ठरलं. काम अंतोनियो दा पोंतेकडे होतं, पुढे रिआल्तोचा दगडी पूलही त्यानंच बांधला.

तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीची पद्धत जुनाट ठरली होती. तरीही त्यांनी ती जपली. आपल्याकडे जुना वाडा जळला तर जागेचा भाव आधी विचारतात, म्हणून मला त्या निर्णयाचं फार मोल वाटतं.

दुरुस्तीची एक गोष्ट आणखी. खालचे खांब बुटके आणि विनापायाचे वाटतात ना? बाहेरच्या चौकाची फरसबंदी शतकानुशतकं वर चढत गेली, त्यात खांबांचे पाय गाडले गेले. मूळ रूप यापेक्षा सडपातळ होतं.


वाटसरू_सातारा
१२ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

फालिएरचं डोकं त्याच मोठ्या जिन्यावर उडवलं ना, मार्स आणि नेपच्यूनचे पुतळे आहेत त्या? आमच्या गाईडनं तसं सांगितलं होतं.


जुना_नकाशा
१२ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

नाही. फालिएर १३५५ मधला, आणि हा राक्षसांचा जिना १४८३ च्या आगीनंतर अंतोनियो रित्सोनं बांधलेला. पुतळे शिल्पकार सान्सोव्हिनोचे, त्याहून नंतरचे. फालिएरला मारलं तो जुना जिना आता नाही. चित्रकारांनी पुढे नव्या जिन्यावर प्रसंग रंगवला, म्हणून घोटाळा होतो.

या नव्या जिन्याच्या माथ्यावर नव्या दोजेच्या डोक्यावर टोपी ठेवत. मागे युद्धाचा आणि समुद्राचा देव, दोन्ही माणसाच्या कितीतरी पट मोठे. ही त्याला दिलेली समजच होती.


मीठबंदर
१२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मी गोव्याची, म्हणून या धाग्यात दुसऱ्या बाजूनं शिरते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्या वाटेनं गेलेली पोर्तुगीज जहाजं मसाले घेऊन परतल्याची बातमी १५०१ मध्ये व्हेनिसमध्ये आली तेव्हा तिथल्या जिरोलामो प्रिउली नावाच्या सावकारानं आपल्या रोजनिशीत आकांत मांडलाय. स्वातंत्र्य गमावलं तर त्याखालोखाल वाईट म्हणावी अशी ही बातमी, अशा अर्थाचं लिहिलंय. मिरी आफ्रिकेला वळसा घालून थेट लिस्बनला जाणार, मग व्हेनिसला कोण विचारतो.

प्रत्यक्षात लगेच बुडाले नाहीत. १६ व्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियामार्गे येणारी मिरी पुन्हा वाढली होती. आणि व्हेनिसचे लोक स्वतः आमच्याकडे येऊ लागले. चेझारे फेदेरिची नावाचा व्यापारी १५६३ मध्ये घरून निघाला, गोव्यात राहिला, तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरला जाऊन आला आणि १८ वर्षांनी परतला. त्याच्याही आधी, १५ व्या शतकात, व्हेनिसजवळच्या किओज्जाचा निकोलो दे कोंती खंबायतपासून विजयनगरपर्यंत फिरला होता.

दोजेच्या खोल्यांत एक नकाशांचं दालन आहे. भिंतभर नकाशे, मधोमध दोन मोठे गोल. भेटायला आलेल्यांना तिथे थांबवत. ते नकाशे १७६२ मध्ये नव्यानं रंगवले, म्हणजे व्यापार हातातून गेल्यावर. त्या खोलीत मला गलबलून आलं. आमच्या गावांची नावं ज्यांनी पैशासाठी पाठ केली त्यांनी शेवटी ती भिंतीवर जपून ठेवली.


जुना_नकाशा
१२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मीठबंदर, वा! मग मनुचीला विसरून चालणार नाही. निकोलाव मनुची, १६३८ चा जन्म, व्हेनिसचा. चौदा-पंधरा वर्षांचा असताना घरातून पळाला तो परत गेलाच नाही. पुढे मिर्झाराजे जयसिंगाच्या तोफखान्यात होता, आणि १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाच्या वेळी छावणीत आलेल्या शिवाजी महाराजांशी त्याचं बोलणं झालं. महाराज त्याला युरोपातल्या राजांविषयी विचारत, असं त्यानं लिहून ठेवलंय.

म्हातारपणी त्यानं आपल्या मोगल इतिहासाचं हस्तलिखित व्हेनिसच्या सिनेटकडे पाठवलं, म्हणजे याच राजवाड्यात बसणाऱ्या सभेकडे. आज ते समोरच्या मार्चियाना ग्रंथालयाच्या संग्रहात आहे.


निळी_कौलं
१२ नोव्हेंबर, रात्री ९:३२

हे मला माहीत नव्हतं आणि आता फार चुटपुट लागली. राजवाड्याच्या तिकिटातच मार्चियानाची जुनी दालनं, कोर्रेर संग्रहालय आणि पुराणवस्तूंचं संग्रहालय येतं. पाय दुखले म्हणून आम्ही मार्चियाना सोडलं. हस्तलिखित मांडून ठेवत नसतील, पण त्या छताखाली उभी तरी राहिले असते.


आल्प्सपल्याड
१३ नोव्हेंबर, पहाटे २:१०

म्युनिकला राहतो, पाहुणे आले की व्हेनिसची फेरी ठरलेली, त्यामुळे कामाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो.

तिकीट घरूनच काढा. ३० दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं. २०२४ मध्ये पूर्ण तिकीट ३० युरो होतं आणि आधी काढलेलं २५. दर बदलतात, अधिकृत संकेतस्थळ पाहून घ्या. ‘गुप्त मार्ग’ फेरीचं तिकीट वेगळं, आणि त्यात बाकीचा राजवाडाही येतो. ती इंग्रजीत मिळते, जागा मोजक्या असतात, लवकर भरते.

आत जायचं ते पाण्याकडच्या पोर्ता देल फ्रुमेन्तोनं. निळी_कौलं यांनी लिहिलेलं दार बाहेर पडायचं आहे, म्हणून दमलेली माणसं त्याकडे न बघताच जातात. तिथे थांबाच.

वेळ सकाळी ९ ची घ्या. मोठ्या बोटींचे जथे दहानंतर येतात. उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतात, ते मिळालं तर सोन्याहून पिवळं. मी जुलैत रात्री नऊला महासभेच्या दालनात गेलो होतो, जेमतेम वीस माणसं होती. तिंतोरेत्तोचं ‘स्वर्ग’ हे चित्र, २२ मीटर लांब, शेकडो चेहरे. दिवसा गर्दीत ते नुसतं मोठं दिसतं. त्या रात्री मला त्यातला उजेड मधल्या दोन आकृत्यांपासून बाहेर कसा पसरतो ते समजलं.

राहायला मेस्त्रे स्वस्त, पूल ओलांडला की व्हेनिस. पण २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. व्हेनिस महापालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल तर माफ, मेस्त्रेही त्यात येतं, पण नोंद करून सूट घ्यावी लागते. स्टेशनवरून १ नंबरची जलबस घ्या. सावकाश जाते, तेच तर हवं, कारण काठावरचे सगळे गॉथिक वाडे बघून होतात.


सायली_अंगण
१३ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

आल्प्सपल्याड, आईबाबांना घेऊन एप्रिलमध्ये जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात. जिने किती? आणि उसाशांच्या पुलावरून जाता येतं का, बाबांना तोच बघायचाय. तो रंगेल लेखक कॅसानोव्हा कैदेतून तिथूनच पळाला ना?


आल्प्सपल्याड
१३ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

जिने बरेच आहेत. सोनेरी जिना सुंदर आहे पण दम काढतो. लिफ्ट आहे, दाराशी कर्मचाऱ्यांना सांगा, नेतात. ‘गुप्त मार्ग’ मात्र बाबांना झेपणार नाही, जिने अरुंद आणि उभे आहेत. कैदखान्यातही पायऱ्या आणि बुटकी दारं आहेत, बाबांच्या तब्येतीप्रमाणे तिथे ठरवा. मधल्या दालनांत कडेला बाकं असतात. घाई करू नका, तीन तास धरा.

पुलावरून जाता येतं. तो आतून म्हणजे दोन चिंचोळ्या बोळकांड्या आहेत, मध्ये भिंत. दगडी जाळीतून खाडीचा एक तुकडा दिसतो. पूल १६०० च्या सुमाराचा, कैद्यांना पलीकडच्या नव्या तुरुंगात न्यायला बांधलेला. ‘उसाशांचा’ हे नाव पुढे इंग्रज कवी बायरननं जगभर पोचवलं.

कॅसानोव्हाचा आणि पुलाचा संबंध नाही. तो होता पिओम्बीत, म्हणजे राजवाड्याच्याच माळ्यावर, शिशाच्या पत्र्याखालच्या कोठडीत. १७५६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्री एका पाद्र्याला सोबत घेऊन छपरावर चढला, एका खिडकीतून पुन्हा आत उतरला, आणि सकाळी पहारेकऱ्यानं चुकून आत अडकलेला पाहुणा समजून दार उघडलं. राक्षसांच्या जिन्यावरून उतरून समोरच्या दारानं निघून गेला. हे सगळं त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे.


सायली_अंगण
१३ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०५

खूप आभार. म्हणजे फोस्कारीच्या पुतळ्याखालूनच गेला तो!


चुनखडी
१३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सायली, बाबांना वर चढवत नसेल तर खालचं सोडू नका. तळमजल्यावर आत शिरल्याबरोबर मूळ खांबशिरांचं संग्रहालय आहे, जिना नाही. १९ व्या शतकात झिजलेली ४२ खांबशिरं उतरवून त्यांच्या जागी हुबेहूब नवी बसवली, मूळची इथे ठेवलीत. डोळ्यांच्या उंचीवर. लोक रांगेतून सरळ पुढे पळतात.

एका खांबशिरावर आठ बाजूंना एकच गोष्ट आहे. मुलगा मुलीला पाहतो. दोघं बोलतात. तो भेट देतो. जवळ येतात. लग्न होतं. मूल होतं. मूल मोठं होतं. आठव्या बाजूला मूल गेलंय आणि आईबाप त्याच्यावर वाकलेत. त्या काळात प्लेगनं घरंच्या घरं रिकामी केली होती. कोणा पाथरवटानं कुठून ही गोष्ट आणली माहीत नाही. राजवाड्याच्या बाहेरच्या बाजूनं, रस्त्यावरच्या माणसाला दिसेल अशी लावली होती. राजाराणी, देवदेवता काही नाही त्यात.

मी ते प्रदक्षिणा घालून पाहिलं आणि मग वरची दालनं पाहायला मला अर्धा तास लागला नाही, मन तिथेच होतं.


मीठबंदर
१४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

चुनखडी, वाचून अंगावर काटा आला.

निळी_कौलं, एक विचारायचं राहिलं. जुन्या पुतळीवर कडेनं अक्षरं असतात. गुडघे टेकलेल्या माणसाच्या मागच्या बाजूला दोजेचं नाव, आणि काठीला लागून उभं ‘डक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये दोजे. भिंग घेऊन बघाल का? नावावरून काळ लागेल. आपल्याकडे नकलाही पुष्कळ होत, त्यांत अक्षरांची नुसती रेघोट्यांची नक्कल असते. अक्षरं वाचता आली तर खरी असण्याची शक्यता बरीच.


निळी_कौलं
१६ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काल माहेरी गेले होते. आईनं माळ काढली, आम्ही दोघी खिडकीशी बसलो, बाबांचं टपाल तिकिटांचं भिंग घेतलं.

एका पुतळीवर काहीच उरलेलं नाही, नुसते ठिपके. ती नक्कलही असेल. दुसरीवर दांड्याशेजारी ‘डक्स’ दिसलं, आणि कडेला रोमन लिपीत आलॉय, पुढे मोचेन. पुढचं झिजलंय. आलॉय म्हणजे आल्व्हिझे ना? आल्व्हिझे मोचेनिगो.


जुना_नकाशा
१६ नोव्हेंबर, रात्री ११:४८

हो, आल्व्हिझे! या नावाचे चार दोजे झाले. भारतात येऊन पडलेल्या पुतळ्यांत चौथ्याची बरीच सापडतात, १७६३ ते १७७८. नुसत्या नावावरून कितवा ते पक्कं म्हणता येणार नाही, पण तो असेल तर तुमची पुतळी थोरल्या माधवरावांच्या वेळची किंवा किंचित नंतरची. पुढे वीसेक वर्षांत, १२ मे १७९७ ला, बोनापार्टच्या धाकानं महासभेनं त्याच मोठ्या दालनात स्वतःचं राज्य विसर्जित केलं. गणपूर्तीही झाली नव्हती. दारावरचा फोस्कारी आणि सिंह त्याच साली फोडले, आता दिसतो तो १८८५ चा नवा. जुन्याचं फक्त डोकं राजवाड्यात जपलंय.

म्हणजे गळ्यातला दोजे दारावरच्यापेक्षा जुना.


निळी_कौलं
१७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

हे आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, दिवाळीच्या आधी माळ उजाळायला सोनाराकडे द्यायची होती, पण राहून गेलं ते बरं झालं. आता दिली तरी या दोन काढून देऊ. उरलीसुरली अक्षरं जातील.

आजीसाठी मात्र तो रामच राहू दे, असंही म्हणाली.